प्रिंटर घेण्याआधी तो कोणती भाषा बोलतो ते पाहा: लिनक्सवरील छपाईविषयी

साताऱ्यात दहावीचे शिकवणी वर्ग चालवणाऱ्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, जुन्या संगणकावरचे विंडोज काढून उबुंटू २४.०४ ही लिनक्स प्रणाली बसवल्यापासून त्यांचा कॅननचा एलबीपी २९०० हा लेझर प्रिंटर एखादे पान छापतो आणि मग थांबतो. पडद्यावर कधी ‘फिल्टर फेल्ड’ असा संदेश येतो, कधी काहीच येत नाही. हाच प्रिंटर चालवत राहावे की नवीन घ्यावा, घ्यायचा तर कोणता, आणि मराठी प्रश्नपत्रिकांची जोडाक्षरे कागदावर का फुटतात, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. शाळा, कार्यालये आणि पतसंस्थांमधले लिनक्स संगणक मी बरीच वर्षे सांभाळतो आहे आणि त्यांतल्या तक्रारींचा मोठा वाटा छपाईचाच असतो, म्हणून हे उत्तर थोडे मुळापासून देतो.

लिनक्सवरच्या छपाईच्या यंत्रणेचे नाव कप्स. मायकेल स्वीट यांनी तिचे काम १९९७ मध्ये सुरू केले; २००२ मध्ये ॲपलने ती मॅकच्या प्रणालीत घेतली आणि २००७ मध्ये तिचे हक्कही विकत घेतले. २०१९ च्या अखेरीस स्वीट ॲपलमधून बाहेर पडल्यानंतर लिनक्ससाठी तिचा सांभाळ ओपनप्रिंटिंग हा गट करतो. हा इतिहास सांगण्याचे कारण व्यवहाराचे आहे. मॅक आणि लिनक्स यांच्या छपाईचा गाभा एकच असल्यामुळे, ज्या प्रिंटरवर मॅक किंवा आयफोन काहीही न बसवता थेट छापू शकतो त्यावर लिनक्सही जवळजवळ नेहमी छापू शकते. खरेदीच्या वेळी ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुढचा बराच त्रास वाचतो.

तुम्ही छापण्याची आज्ञा देता तेव्हा बहुतेक वेळा एक पीडीएफ तयार होऊन कप्सच्या रांगेत येते. तिथे छोट्या छोट्या प्रोग्रामांची एक साखळी तिचे रूपांतर करत जाते. या प्रोग्रामांना फिल्टर म्हणतात. शेवटच्या फिल्टरमधून बाहेर पडणारा मजकूर प्रिंटरला समजेल अशा भाषेत असावा लागतो. काही प्रिंटर पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल या जुन्या, सर्वांना माहीत असलेल्या भाषा बोलतात. अलीकडचे अनेक प्रिंटर इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल, म्हणजे आयपीपी, वापरून कागदाचे आकार, दोन्ही बाजूंची सोय आणि रंग यांची माहिती स्वतःच संगणकाला सांगतात आणि ठरलेल्या सामायिक स्वरूपातले चित्र स्वीकारतात. त्यांना वेगळा ड्रायव्हर, म्हणजे त्या प्रिंटरची भाषा जाणणारा दुभाषी प्रोग्राम, लागत नाही. तिसरा प्रकार स्वस्त लेझर प्रिंटरांचा. त्यांच्यात पान रचण्याची बुद्धी जवळजवळ नसतेच. सगळे काम संगणकाने करायचे आणि तयार ठिपके कंपनीच्या खासगी भाषेत प्रिंटरकडे ढकलायचे, अशी त्यांची रचना असते. ती भाषा बोलणारा ड्रायव्हर विंडोजसाठी कंपनी देते. लिनक्ससाठी दिला तर दिला.

तुमचा एलबीपी २९०० या तिसऱ्या प्रकारातला आहे आणि त्याच्या भाषेचे नाव कॅप्ट. यंत्र म्हणून तो फार चांगला आहे. झेरॉक्सच्या दुकानांत तो वर्षानुवर्षे चालताना मी पाहिला आहे. अडचण पूर्णपणे ड्रायव्हरची आहे. कॅननने लिनक्ससाठी दिलेल्या जुन्या कॅप्ट ड्रायव्हरचे काही भाग ३२ बिटचे आहेत आणि आजच्या ६४ बिट उबुंटूवर त्यांना लागणाऱ्या ३२ बिट लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामला लागणाऱ्या सहायक फाइली, मूळपासून नसतात. त्या नसल्या की साखळीतला तो फिल्टर सुरूच होत नाही आणि कप्स ‘फिल्टर फेल्ड’ एवढेच सांगून मोकळे होते. तुमच्याकडे एखादे पान छापले जाते त्या अर्थी लायब्ररी निदान काही प्रमाणात आहेत. मग दुसरे कारण पाहावे लागते. या ड्रायव्हरमध्ये कप्स आणि प्रिंटर यांच्या मध्ये सीसीपीडी नावाचा आणखी एक प्रोग्राम पार्श्वभूमीवर चालू असावा लागतो. प्रिंटर बंद करून पुन्हा चालू केला, किंवा संगणकानंतर चालू केला, की सीसीपीडीचा त्याच्याशी धागा तुटतो आणि तो प्रोग्राम थांबवून पुन्हा सुरू करेपर्यंत काम अडकून राहते. काही स्वयंसेवकांनी कॅप्टड्रायव्हर नावाचा मुक्त पर्यायही लिहिला आहे आणि एलबीपी २९०० हे त्यांच्या मुख्य लक्ष्यांपैकी एक आहे. हौस आणि वेळ असेल तर तो जरूर वापरून पाहा. परंतु उद्या सकाळी साठ मुलांच्या प्रश्नपत्रिका हव्या आहेत अशा माणसाला मी हा मार्ग सुचवणार नाही. वर्गात किंवा घरात एखादा विंडोज संगणक उरला असेल तर हा प्रिंटर त्याला जोडून ठेवा, नाहीतर चालू स्थितीत विकून टाका.

याच जातीचा दुसरा ओळखीचा प्रिंटर एचपीचा लेझरजेट १०२०. त्याच्या पोटात कायमस्वरूपी फर्मवेअर, म्हणजे यंत्राला स्वतः चालण्यासाठी लागणारा प्रोग्राम, नसते. दर वेळी वीज आली की संगणकाने ते त्याला पाठवावे लागते. एचपीचा लिनक्ससाठीचा एचपीएलआयपी हा संच हे काम करतो, पण त्यासाठी एक बंदिस्त प्लगइन वेगळे उतरवावे लागते आणि त्याची आवृत्ती एचपीएलआयपीच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. म्हणूनच ‘काल उबुंटू अपडेट केले आणि आज प्रिंटर बंद’ ही तक्रार या प्रिंटरच्या बाबतीत वारंवार येते. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, एचपी-प्लगइन ही आज्ञा देऊन प्लगइन पुन्हा उतरवले की तो बहुधा सुरळीत होतो. ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी एवढ्यासाठी टाकून देऊ नये.

आता नवीन प्रिंटरकडे वळू. तुमचे काम मुख्यतः काळ्या अक्षरांचे, ठरावीक दिवशी गठ्ठ्याने छापण्याचे आणि सुट्टीत महिनाभर बंद राहण्याचे आहे. अशा कामाला एकरंगी लेझर योग्य. शाईच्या टाकीचे प्रिंटर पानामागे स्वस्त पडतात हे खरे, पण ते वापरावाचून पडून राहिले की हेडमध्ये शाई वाळते. मग सफाईचे चक्र पुन्हा पुन्हा चालवावे लागते, त्यात शाई जाते आणि ती शाई शोषणारे पॅड भरत जाते. शिवाय त्यांची रंगीत शाई अनेकदा पाण्यात विरघळणारी असते. पावसाळ्यात ओल्या दप्तरातून घरी गेलेल्या प्रश्नपत्रिकेचे काय होते ते तुम्ही पाहिलेच असेल. टोनर उष्णतेने कागदावर वितळून बसतो, त्यामुळे तो पाण्याने पसरत नाही. रोज थोडी तरी रंगीत पाने छापणाऱ्या घराला मात्र मी टाकीचाच प्रिंटर सांगतो, आणि त्यात एप्सनच्या एल मालिकेला पसंती देतो, कारण तिच्यासाठीचा ईएससी-पी-आर हा ड्रायव्हर खुला आहे आणि डेबियन व उबुंटू या लिनक्स प्रणालींच्या सॉफ्टवेअर भांडारात तयार मिळतो. एल ३११० ला फक्त यूएसबी आहे आणि एल ३१५० ला वायफायही, हा फरक घेताना लक्षात असू द्या.

लेझर घेताना मॉडेलच्या नावातली शेवटची अक्षरे वाचावीत. बऱ्याच कंपन्यांत डी म्हणजे कागदाच्या दोन्ही बाजूंनी आपोआप छपाई, डब्ल्यू म्हणजे वायरलेस, एन म्हणजे केबलने नेटवर्क. वायफाय तुम्हाला वापरायचे नसले तरी डब्ल्यू किंवा एन असलेले मॉडेल घ्या असे मी आग्रहाने सांगतो, कारण नेटवर्कवर बोलणाऱ्या प्रिंटरला सामायिक भाषा येण्याची शक्यता खूप जास्त असते, तर फक्त यूएसबीचे सर्वांत स्वस्त मॉडेल हटकून खासगी भाषेचे निघते. खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात एअरप्रिंट, मोप्रिया किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर यांपैकी एक तरी शब्द शोधा. तो सापडला तर पुढची चौकशी जवळजवळ संपते. शब्द सापडला नाही आणि दुकानदार तयार असेल तर प्रिंटर दुकानातल्या वायफायला जोडून आयफोनवरून, कंपनीचे कोणतेही ॲप न उतरवता, एक पान छापून पाहा. पान आले तर तो लिनक्सवर चालेल असे मी बिनदिक्कत सांगेन. दुकानदार ‘लिनक्सला सपोर्ट आहे’ असे म्हणतो तेव्हा त्याला सहसा एवढेच सांगायचे असते की कंपनीच्या संकेतस्थळावर एखादी फाइल आहे. ती फाइल किती जुनी आहे आणि ६४ बिटची आहे का, हे आपणच पाहायचे असते.

ब्रदरच्या साध्या लेझर प्रिंटरांविषयी माझे मत चांगले आहे. कंपनी स्वतःचे ड्रायव्हर देते, आणि बऱ्याच एकरंगी मॉडेलांसाठी बीआरलेझर हा मुक्त ड्रायव्हरही आहे. कंपनीच्या जुन्या ड्रायव्हरांचे काही भाग इंटेल जातीच्या ३२ बिट प्रोसेसरांसाठी बांधलेले असल्यामुळे ते रास्पबेरी पाय या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरच्या छोट्या संगणकावर चालत नाहीत. बीआरलेझर तिथेही चालतो. कॅननच्या पुढच्या लेझर मॉडेलांपैकी अनेकांनी कॅप्ट सोडून यूएफआर टू ही भाषा घेतली आहे आणि तिचा ६४ बिट लिनक्स ड्रायव्हर कॅनन देते, म्हणून २९०० च्या अनुभवावरून सगळ्या कॅननवर फुली मारू नये. एचपीच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी. एचपी प्लस या योजनेत नोंदवलेल्या प्रिंटरला कायम इंटरनेट आणि कंपनीचेच मूळ कार्ट्रिज लागते. रिफिल केलेल्या टोनरवर ज्यांचा हिशेब बसलेला आहे, त्यांनी पहिल्यांदा चालू करतानाच ही नोंदणी नीट वाचावी.

स्कॅनरसह येणारे यंत्र घ्यायचे असेल तर स्कॅनिंगची चौकशी वेगळी करावी, कारण लिनक्सवर ते काम कप्स करत नाही, सेन ही स्वतंत्र यंत्रणा करते. नव्या यंत्रांसाठी तिच्यासोबत सेन-एअरस्कॅन हे पॅकेज असले की ड्रायव्हरशिवाय स्कॅनही होते.

दुरुस्तीकडे येताना माझी एकच पद्धत आहे: छपाईचे काम कुठपर्यंत पोचले ते शोधायचे. संगणकापासून कागदापर्यंतच्या रस्त्यावर चार-पाच नाकी आहेत आणि अडथळा त्यांतल्या एकाच नाक्यावर असतो. ड्रायव्हर काढून पुन्हा बसवणे हा उपाय लोक सर्वांत आधी करतात, आणि बहुतेक वेळा ते नाके ठीकच असते.

माझ्या हाताखालून गेलेले एक उदाहरण देतो. एका पतसंस्थेत दर सोमवारी सकाळी छपाई बंद असायची. दोनदा मी जाऊन प्रिंटर काढून पुन्हा जोडला, दोन्ही वेळा तो चालू झाला आणि पुढच्या सोमवारी पुन्हा बंद पडला. तिसऱ्या वेळी संगणकाला हात न लावता मी प्रिंटरच्याच बटणावरून त्याच्या नेटवर्कचा तपशील छापून घेतला. त्या कागदावर प्रिंटरच्या पत्त्याचा शेवटचा आकडा १०७ होता आणि कप्सच्या रांगेत लिहिलेला आकडा होता १०४. शनिवारी निघताना शिपाई मुख्य स्विच बंद करत असे. सोमवारी वीज आली की राउटर ज्या क्रमाने यंत्रे जागी होतील त्या क्रमाने पत्ते वाटत असे, आणि प्रिंटरचा क्रमांक दर आठवड्याला बदलत असे. राउटरमध्ये त्या प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवला आणि तक्रार कायमची संपली. भारनियमनाच्या गावांत हा दोष हमखास आढळतो. दुसरा उपाय म्हणजे रांग जोडताना आकडी पत्त्याऐवजी नेटवर्कवर आपोआप सापडलेले प्रिंटरचे नाव निवडणे. ते नाव अवाही ही सेवा शोधून देते, त्यामुळे ती चालू असावी आणि फायरवॉल या सुरक्षा-प्रोग्रामने यूडीपीचा ५३५३ हा पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरचे निरोप येण्याजाण्याचे दार, अडवलेला नसावा. प्रिंटर पाहुण्यांच्या वायफायवर आणि संगणक मुख्य वायफायवर असेल तर दोघे एकमेकांना दिसत नाहीत. अनेक प्रिंटरांना ५ गिगाहर्ट्‌झचे वायफाय दिसतच नाही, त्यांना २.४ चेच द्यावे लागते.

यूएसबीने जोडलेल्या प्रिंटरसाठी पहिले नाके म्हणजे एलएसयूएसबी ही आज्ञा. तिच्या यादीत प्रिंटरचे नाव नसेल तर केबल, यूएसबीचे छिद्र किंवा वीज एवढेच तपासायचे. सॉफ्टवेअरला हात लावू नये. नाव दिसत असेल तर एलपीइन्फो या आज्ञेला हायफन व्ही जोडून पाहावे, म्हणजे कप्सला तो दिसतो का ते कळते. इथे अलीकडची एक गुंतागुंत आहे. उबुंटूच्या नव्या आवृत्त्यांत आयपीपी-यूएसबी नावाची सेवा असते. यूएसबीवरचा प्रिंटर आयपीपी बोलत असेल तर ती त्याला ताब्यात घेते आणि नेटवर्कवरच्या प्रिंटरसारखा पुढे मांडते. सोय चांगली आहे, पण तोच प्रिंटर जुन्या ड्रायव्हरने यूएसबीवर जोडलेला असेल तर ती जुनी रांग अडकून पडते, कारण यंत्र दोघांच्या हाती एकदम जाऊ शकत नाही. अशा वेळी जुनी रांग काढून आपोआप आलेली नवी रांग वापरावी.

पुढचे नाके रांगेचे. एलपीस्टॅट हायफन टी ही आज्ञा दिली की प्रत्येक प्रिंटरची स्थिती दिसते. तिथे ‘डिसेबल्ड’ लिहिलेले असेल तर प्रिंटर ठीक असूनही काहीच छापले जाणार नाही. केबल निघाली, कागद अडकला, एखादे काम अर्धवट राहिले की रांग थांबवण्याचे धोरण अनेक ठिकाणी मूळपासून लावलेले असते, आणि कागद काढल्यावरही रांग आपोआप सुरू होत नाही. कप्सएनेबल या आज्ञेपुढे प्रिंटरचे नाव दिले की ती सुरू होते. हेच काम ब्राउझरमधूनही होते: पत्त्याच्या चौकटीत लोकलहोस्ट, कोलन आणि ६३१ लिहिले की कप्सचे स्वतःचे पान उघडते. तिथे अडकलेली कामे रद्द करता येतात आणि रांग न थांबवता काम पुन्हा पाठवण्याचे धोरणही निवडता येते. माणसे मध्ये काही तास फिरकत नाहीत अशा कार्यालयांत मी तेच लावतो. त्या पानावर बदल करताना पासवर्ड नाकारला गेला तर तुमचे खाते एलपीॲडमिन या गटात आहे का ते पाहावे.

काम रांगेतून निघते, प्रिंटरचा दिवा लुकलुकतो आणि कागद येत नाही, असे झाले तर आधी कागदाचा आकार पाहावा. उबुंटू बसवताना भाषा अमेरिकन इंग्रजी निवडली की कागदाचा आकार लेटर धरला जाण्याची शक्यता असते. लेटर २१६ बाय २७९ मिलिमीटरचा, आपला ए-फोर २१० बाय २९७ चा. प्रिंटर ट्रेमध्ये लेटर शोधत बसतो आणि माणसाला वाटते की यंत्र बिघडले. प्रिंटरच्या गुणधर्मांत एकदा ए-फोर लावून ठेवावे.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही तर कप्सची नोंदवही वाचावी. कप्ससीटीएल या आज्ञेने सविस्तर नोंद चालू करावी, एकच पान छापायला पाठवावे आणि लगेच व्हार, लॉग, कप्स या क्रमाने उघडणाऱ्या फोल्डरातली एरर-लॉग फाइल शेवटाकडून वर वाचत यावे. ‘फिल्टर फेल्ड’च्या थोडे वर खरे कारण लिहिलेले असते: अमुक फाइल सापडली नाही, अमुक प्रोग्राम चालवण्याची परवानगी नाही. काम झाले की सविस्तर नोंद बंद करावी, कारण ती फाइल भराभर वाढते. सुरक्षेची एक बाबही इथेच सांगतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कप्ससोबत येणाऱ्या, नेटवर्कवरचे प्रिंटर आपोआप शोधणाऱ्या कप्स-ब्राउझ्ड या सेवेतली गंभीर त्रुटी उघड झाली. ती यूडीपीच्या ६३१ पोर्टवर बाहेरून येणारे निरोप न तपासता स्वीकारत होती. सगळे अपडेट घेतलेले असावेत, आणि एकच प्रिंटर असलेल्या घरात ती सेवा बंद ठेवली तरी छपाई अडत नाही.

यंत्राविषयी दोनच गोष्टी. लेझर प्रिंटर लहान यूपीएसला जोडू नये, कारण टोनर वितळवणारा फ्युजर तापताना एकदम मोठा प्रवाह ओढतो आणि यूपीएस कोलमडतो. पावसाळ्यात कागदाचे रीम उघडे ठेवू नये. ओल धरलेला कागद वाकतो आणि अडकतो.

राहिला जोडाक्षरांचा प्रश्न, आणि मराठीत काम करणाऱ्यांसाठी तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इथे दोन वेगळे दोष एकमेकांत मिसळले जातात. जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपी किंवा आयएसएमच्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील, तर फाइलमध्ये मुळात इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे सांकेतिक क्रमांक असतात आणि तो फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देतो. तुमच्या लिनक्स संगणकावर तो फॉन्ट नसला की पडद्यावरही निरर्थक चिन्हे दिसतात. प्रिंटरचा त्यात काही दोष नाही. असा मजकूर एकदा युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत, बदलून घ्यावा आणि नंतर डोळ्यांनी तपासावा, कारण रफार, ‘ऱ्या’ आणि ‘द्य’, ‘द्ध’ यांसारखी जोडाक्षरे रूपांतरात सहज चुकतात.

पडद्यावर पान बरोबर दिसते आणि कागदावरच फुटते, तेव्हा दोष दुसरा असतो: पीडीएफमध्ये फॉन्ट पुरलेला नाही, किंवा साखळीतला एखादा फिल्टर किंवा प्रिंटर तो नीट वाचत नाही. पीडीएफफॉन्ट्स या आज्ञेपुढे फाइलचे नाव दिले की फॉन्टांची यादी येते आणि प्रत्येकापुढे तो फाइलमध्ये पुरलेला आहे की नाही ते ‘येस’ किंवा ‘नो’ने कळते. ‘नो’ असेल तर मूळ फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडून पीडीएफ पुन्हा काढावी आणि निर्यातीच्या खिडकीत पीडीएफ-ए हा पर्याय निवडावा; त्या स्वरूपात प्रत्येक फॉन्ट पुरलेला असणे बंधनकारकच आहे. ‘येस’ असूनही अक्षरे फुटत असतील, किंवा मूळ फाइल तुमच्याकडे नसेल, तर पीडीएफटूपीपीएम या आज्ञेने पानांची ३०० डीपीआयची, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांची, करडी चित्रे करून ती छापावीत. चित्रात फॉन्टच उरत नसल्यामुळे काना, मात्रा आणि रफार पडद्यावर जसे आहेत तसेच कागदावर येतात. परीक्षेच्या आदल्या रात्री बाहेरच्या दुकानात छापायला देतानाही पेन ड्राइव्हवर वर्डची फाइल न नेता ही तपासलेली पीडीएफ न्यावी, म्हणजे दुकानातल्या संगणकावर कोणते फॉन्ट आहेत यावर काही अवलंबून राहणार नाही.